गाळलेली खोली

आम्हा प्रोग्रामर लोकांना एक खोड असते. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचं काम उपसायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हौसेचं काहीतरी लिहून ते जगाला फुकट वाटायचं. माझंही तसंच. आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तासभर कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बायको आणि मी दोघंही दिवसभर बाहेर. म्हणून मी चारही खोल्यांत अंगाची ऊब ओळखणारे सेन्सर बसवले आणि घरात किती माणसं आहेत, तेवढंच ऑफिसातल्या माझ्या पडद्यावर दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. रविवारी बायकोला खोल्याखोल्यांतून फिरवून तो तपासला. आईची झोपमोड नको म्हणून तिची खोली तेवढी सोडली. मग कुणाच्या तरी आईला उपयोगी पडेल म्हणून सगळा कोड नेटवर टाकून दिला.

चार महिने रोज दुपारी दोन वाजता, डबा संपवला की मी पडदा बघायचो. आई त्या वेळी आपल्या खोलीत दार लोटून झोपलेली असते. पडद्यावर एक असायचा आणि मी निर्धास्तपणे कामाला लागायचो.

मग एका दुपारी ‘शेजारी’ असं नाव घेतलेल्या कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला. ‘तुमची मोजणी एका खोलीने चुकते आहे.’

मला तो माणूस तिथेच खटकला. शेजारी म्हणे! आमच्या घरात खोल्या किती, हे याला कुणी सांगितलं? मी बायकोला फोन लावला. “आपल्या घराबद्दल कुणाशी बोललीस का?”

“तूच सगळं चव्हाट्यावर मांडून बसलायस,” ती म्हणाली, “आणि संशय माझ्यावर?”

तिचं बरोबर होतं. खोल्यांची यादी मीच कोडमध्ये लिहिली होती, त्याने ती नुसती वाचली होती. यादीतल्या पहिल्या खोलीला शून्य नंबर द्यायचा ही आमच्या धंद्याची रीत. मी मात्र मोजायला एकापासून सुरुवात केली होती. शिकाऊ माणूस करतो तसली चूक. पहिली खोली कधी मोजलीच गेली नव्हती. मी मनातल्या मनात शेजाऱ्याची माफी मागितली, एक आकडा बदलला आणि पडद्याकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. घरात माणसं : दोन.

यादीतली पहिली खोली आईची होती. चार महिने मी आईला मोजतच नव्हतो. मग रोज दुपारी दिसायचा तो एक कोण होता?

आईने फोन उचलला तो झोपेतच.

“आई, घरात कोण आहे?”

“कोण असणार? मीच. बाहेरचं दार आतून लावलंय.”

“काही विचारू नकोस. ऊठ, बाहेर पड, कुलूप लाव आणि खाली रस्त्यावर जा. फोन चालू ठेव.”

ती कुरकुरत उठली. चपला सरकल्या, कडी वाजली, किल्ली फिरली. मी पडद्याला डोळे लावून बसलो होतो. जो कोणी असेल तो आत कोंडला जाऊ दे, एवढंच मला हवं होतं. एक दिसला की मी पोलिसांना फोन करणार होतो.

“आले बाबा बाहेर,” आई म्हणाली. “एकटीच उभी आहे इथे. आता तरी सांगशील का?”

पडद्यावरचा आकडा दोनवरून थेट शून्यावर आला होता.