सासऱ्यांच्या टेपला पाडलेलं भोक

सासऱ्यांची वाचा गेली हे जावयाच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण ते त्याच्याशी आधीही फारसं बोलत नसत.

सासरे तीस वर्षं वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक होते. शेजारच्या सीटवर मांडीवर कागद ठेवून बसायचे आणि गाडी चालवणाऱ्याला घाम फोडायचे. लग्नाच्या आधी, म्हणजे नातं जुळायच्या आधीच, त्यांनी या जावयाला दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्या वेळी सासरे रजेवर होते आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला पास केलं. सासऱ्यांनी पुढे मुलगी दिली, पण गाडीची किल्ली कधी दिली नाही.

मग एके दिवशी सकाळी त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. पाय महिन्याभरात सुधारला, उजवा हात थोडाफार हलू लागला, पण शब्द सगळे जागचे हलले. समोरच्याचं बोलणं त्यांना कळायचं. स्वतः मात्र मीठ मागायचं असेल तर "खिडकी" म्हणायचे, आणि आपण चुकलो हे त्यांना लगेच समजायचं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. एकच शब्द ठणठणीत शाबूत होता, तो म्हणजे "थांबा". चहा हवा का? थांबा. आंघोळीचं पाणी काढू? थांबा. सासूबाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं ऐकतेय, मला काही नवीन नाही."

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर धडे भरून दिले होते. "माझ्यामागून म्हणा. दार." मग थोडी शांतता. "पाणी." पुन्हा शांतता. रोज असे तीस शब्द. घरात हे धडे लागले की सासूबाई आणि मदतीला माहेरी आलेली मुलगी दोन्ही बाजूंना उभ्या राहायच्या आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत आपलेही ओठ हलवायच्या. तीन दिवस सासऱ्यांनी सहन केलं. चौथ्या दिवशी फोन उचलून ते छपराखाली उभ्या असलेल्या आपल्या जुन्या गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि आतून दार लावून घेतलं.

रविवारी जावई आला तेव्हा ते तसेच बसले होते. डाव्या हाताने फोन कानाशी दाबलेला, तोंड हलतंय. फोनचा आवाज मुंगीएवढा. शब्द नीट ऐकू येत नव्हता हे त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं.

जावई ऐकू येण्याची यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून शेंगदाण्याएवढ्या यंत्रांत केसाएवढ्या तारा जोडायच्या, हे त्याचं काम. ऐकू न येणारा माणूस दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने काच वाजवली.

"बाबा, फोनचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येईल. कॅसेटचा टेप काढून त्यात तार जोडायची. फक्त पुढच्या पट्टीला एक भोक पाडावं लागेल."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं.

"थांबा," ते म्हणाले.

यावरून काहीच कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि डाव्या हाताने खिडकीतून पुढे केली.

पुढच्या रविवारी जावई हत्यारं घेऊन हजर झाला. सासऱ्यांनी गाडीच्या उघड्या दाराशी खुर्ची मांडून घेतली आणि मांडीवर हात ठेवून बसले. जावयाचा स्क्रूड्रायव्हर दोनदा हातातून पडला. पण टेप एकदा बाहेर येऊन वरचं झाकण निघालं, तसा त्याचा हात बसला. कॅसेटचा आवाज जिथून मोठा करायच्या बटणाकडे जातो ती जागा त्याने शोधली, तिथे डावी, उजवी आणि जमिनीची म्हणजे अर्थिंगची, अशा तीन बारीक तारा डाख लावून जोडल्या, आणि त्या ॲशट्रेशेजारी पाडलेल्या भोकात बसवलेल्या खोबणीपर्यंत आणल्या. टेपला आपण कॅसेट वाजवतोय असंच वाटत राहावं म्हणून एक कोरी कॅसेट आत फिरत ठेवायची, की फोनचा आवाज बिनबोभाट बाहेर. काम झकास झालं होतं. त्याने टेप जागेवर सरकवला आणि बॅटरीची सोडवलेली तार पुन्हा लावली.

टेपच्या काचेवर चार आडव्या रेघा उमटल्या.

बॅटरी सुटली की हे जुने टेप चोराच्या भीतीने कुलूप लावून घेतात आणि चार आकडे मागतात. ऐकायच्या यंत्रांना चोरांची भीती नसते, त्यामुळे जावयाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तीन वेळा चुकलं की टेप कायमचा बंद.

"आई, याचे आकडे कुठे लिहून ठेवलेत?" जावयाने विचारलं.

"लिहून?" सासूबाई म्हणाल्या. "लिहिलेलं चोराला सापडतं. सगळं यांच्या डोक्यात."

सगळ्यांनी त्या डोक्याकडे पाहिलं.

"खिडकी," सासरे म्हणाले. मग, "नऊ." मग जोरात मान हलवली. बोटांनी दाखवायला गेले तर चार बोटं वर आली, त्यातलं एक मिटलं, आणि हात परका असल्यासारखे ते त्याच्याकडे बघत राहिले. डाव्या हाताने लिहिलेला आकडा एक होता की सात, हे त्यांनाही सांगता येईना. जावयाने एकदा अंदाज केला. चुकला. दुसऱ्यांदा केला. चुकला.

"नसती उठाठेव तुला कुणी सांगितली होती?" बायको म्हणाली. खुर्चीत सासऱ्यांचे डोळे भरून आले होते आणि ते दुसरीकडे बघत होते.

"मोजताना मात्र चुकत नाहीत हो," सासूबाई अचानक म्हणाल्या. "जिना चढताना बघ, चौदाच्या चौदा पायऱ्या घडाघडा मोजतात."

जावई खुर्चीसमोर उकिडवा बसला. "बाबा, पहिला आकडा. आपण एकपासून मोजू. तो आला की दारावर थाप मारा."

"एक, दोन, तीन," दोघं म्हणू लागले. सासऱ्यांच्या तोंडून आकडे खरंच मण्यांसारखे ओघळत होते. "चार, पाच, सहा…" थाप! दार दणाणलं.

दुसरा दोन निघाला. तिसऱ्यासाठी आठपर्यंत जावं लागलं. चौथ्याला मात्र एकपासून नऊपर्यंत दोनदा जाऊन आले तरी थाप पडेना. सासरे घामेघूम झाले. जावई विचार करत बसला. मोजणी एकपासून सुरू केली तर त्याच्या आधीचं कसं सापडणार?

"शून्य?" त्याने विचारलं.

"शून्य!" सासरे ओरडले, आणि दारावर इतक्या जोराने मारलं की आरसा वाकडा झाला.

या आकड्यांचा कुणाच्या वाढदिवसाशी संबंध नव्हता. सासरे तसे बेसावध नव्हते. जावयाने चारही आकडे दाबले, रेघा गेल्या आणि कोरी कॅसेट फिरू लागली. त्याने फोनची पिन खोबणीत सरकवली. "माझ्यामागून म्हणा! दार!" बाईंचा आवाज चारही स्पीकरमधून इतका मोठा आला की समोरच्या घरातल्या माणसाने आपलं दार उघडून पाहिलं.

सासऱ्यांनी आत बसून आवाज कमी केला, दार लावलं. जावई हत्यारं आवरू लागला. काचेवर टकटक झाली. सासरे शेजारच्या सीटकडे बोट दाखवत होते.

तो आत बसला. "दार," बाई म्हणाल्या. "दाल," सासरे म्हणाले. जावयाने ओठ हलवले नाहीत, तोंडाकडे पाहिलं नाही, शाबासकीही दिली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. "पाणी," बाई म्हणाल्या. "पाणी," सासरे म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी दोघं गाडीत बसू लागले. चार्जर लावला की स्पीकरमधून माशीसारखी गुणगुण यायची. जावई म्हणाला, "जमिनीची तार बदलतो." सासरे विचार करून म्हणाले, "असू दे." महिन्यामहिन्याने शब्दांची वाक्यं झाली. वाक्यं अडखळत यायची, मध्येच एखादी खिडकी शिरायची, पण यायची. आत काय बोलता, असं बायकोने खोदून विचारलं की जावई सांगायचा, "काही नाही. दार, पाणी, टोपली."

सात महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, दुकानात जावयाचा फोन वाजला. सासऱ्यांनी त्याला याआधी कधीच फोन केला नव्हता. समोर एक आजीबाई आपलं यंत्र परत मिळायची वाट बघत बसल्या होत्या. जावयाने भिंग काढलं.

"रविवारी," सासरे म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. "येऊ नका."

आपण परवा काही वावगं वागलो का, हे जावई आठवू लागला. पलीकडे श्वास चालूच होता. मध्ये बोलायचं नाही, हे त्याला आता ठाऊक होतं.

"रविवारी पाहुणे," सासरे म्हणाले. "गडबड. तुम्ही… शनिवारी या."

"बरं, बाबा," जावई म्हणाला.

आजीबाईंनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणालात?"

"शनिवारी दुकान बंद आहे," त्याने मोठ्याने सांगितलं.