स्वयंपाकघरातली दुसरी

वाईनची पिंपं निवडून झाली तसे दादाने हात झटकले आणि धाकट्या बहिणीला सांगून टाकलं, "यंदापासून दुसरी बंद. उरलेली पिंपं व्यापाऱ्याला सुटी विकायची. जेवण झालं की फोन करतो त्याला."

धाकटी तळघराच्या पायरीवर मटकन बसली. फ्रान्समधल्या बोर्डोच्या पद्धतीने वाईन करणारं घर ते. दरवर्षी दादा पिंपापिंपातून चव घेई आणि उत्तम ती पिंपं 'पहिली'साठी काढी. पहिलीच्या बाटलीवर घराण्याचं नाव, सोनेरी अक्षरांत. कोवळ्या वेलींची, मवाळ, दादाच्या नाकाला न पटलेली पिंपं धाकटीच्या वाट्याला. ती त्यांचा मेळ बसवून 'दुसरी' करी. तिच्यावर घराण्याचं नाव नाही, नुसतं टेकडीचं चित्र. आणि घरचा नियम असा की दुसरी पुढच्या दालनात आणायची नाही. ती स्वयंपाकघरात प्यायची, म्हणजे बायकांनी. हा नियम ज्याने केला त्याने जन्मात कधी कांदा चिरला नसणार.

"मग मी काय करू?" धाकटीने विचारलं.

"पाहुण्यांना तळघर दाखव."

"तूच दाखव. फोटोत तुझ्या मिशा शोभतात."

पाहुणे आलेच होते. दादाच्या मुलीचे होणारे सासू-सासरे. त्यांच्यावर छाप पाडायची म्हणून दादाने नको तो शहाणपणा केला. जुन्या, मुरलेल्या बाटल्या सोडून त्याने आपली सर्वांत लाडकी, अगदी अलीकडची पहिली उघडली. अजून कितीतरी वर्षं अंधारात पडून राहायला हवी होती ती! पण लाडक्या लेकराला पाहुण्यांसमोर गायला लावणाऱ्या बापाला कोण अडवणार?

व्याह्यांनी घोट घेतला. गाल आत गेले. जीभ टाळूला चिकटली.

"वा! काय... भारदस्त आहे!"

"आहे ना?" दादा फुलला. "अजून घ्या."

विहीणबाई पाणी आणण्याच्या निमित्ताने उठल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे दोघा भावंडांची आत्या ओट्याला टेकून दुसरी पीत होती, धाकटी रागारागाने रस्सा ढवळत होती.

"पाणी कसलं पिताय?" आत्याने ग्लास पुढे केला. "हे घ्या. तोंड धुऊन निघेल."

विहीणबाईंनी घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. पिकल्या आलुबुखाराचा वास, मागून थोडी मिऱ्याची चुणचुण, आणि घशाखाली उतरताना कुठे म्हणून अडणं नाही.

"अगं बाई! हे आम्हाला का नाही दिलं?"

"ही दुसरी आहे," धाकटी म्हणाली.

"मग तिसरीसुद्धा द्या!"

त्या काही परतल्या नाहीत. त्यांना शोधायला व्याही आले, तेही राहिले. त्यांच्या मागोमाग मुलगी आली, होणारा जावई आला, वहिनी ताटं घेऊन आली आणि ताटं तिथेच मांडली. कुणी ओट्यावर बसलं, कुणी बटाट्याच्या पोत्यावर. व्याही उभ्याउभ्याच रश्श्यात पाव बुडवत होते आणि तरुणपणी नाटकात बाईचं काम कसं केलं ते साभिनय सांगत होते. धाकटी हसता हसता ठसकली. डोळ्यांतलं पाणी नेमकं कशाचं ते तिचं तिलाही कळेना.

दारात दादा उभा राहिला. हातात व्यापाऱ्याला लावायचा फोन.

"सगळे इथे काय करताय? तिकडे पहिली उघडून ठेवलीय!"

"झोपू दे बिचारीला," आत्या म्हणाली. "कच्ची उठवलीस, म्हणून किरकिर करतेय. ये, बस."

बसायला जागा नव्हती. वहिनीने त्याच्या हातात ग्लास कोंबला. दादा प्याला. भुवई वर गेली. तोंड वाकडं करायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला, पण तोंड ऐकेना. ग्लास रिकामा झाला.

"ही... आपलीच पिंपं?"

"तू टाकलेली," धाकटी म्हणाली.

दादाने फोन खिशात घातला आणि ग्लास पुढे केला. "बरं. उरलेली पिंपं तुझी. ओत."

धाकटीने बाटली मागे घेतली. "उरलेली नकोत. यंदाची निवड पुन्हा करायची, आणि तुझ्याबरोबर मीही बसणार. आणि उतारावरच्या मर्लो द्राक्षांचं पिंप माझं."

"ते माझं सर्वांत चांगलं पिंप आहे!"

"मला काय माहीत नाही होय?"

"दे की रे मेल्या," आत्या ओरडली, "ग्लास कधीचा रिकामा आहे तुझा!"

दादाने रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

"घे," तो म्हणाला. "आता तरी ओत."

तिने काठोकाठ ओतली.