हिरव्या पाकिटाखालचा फोन

तैवानमधल्या शिंचू शहरातल्या त्या चिप तपासणाऱ्या कारखान्यात आ-शियांगच्या अंगठ्याइतकं राबणारं कुणी नव्हतं. फक्त ते राबणं कारखान्यासाठी नव्हतं. फोनवर व्हिडिओ सरकवायची सवय इतकी जडली होती, की सूप आवडलं नाही तर तो वाटीवर अंगठा फिरवून पुढच्या सुपाची वाट बघायचा. खोटं वाटत असेल तर कँटीनवालीला विचारा.

त्या गुरुवारी मात्र गळ्याशी आलं. दुसऱ्या दिवशी ताइनानला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. लो साहेबांनी बजावलं होतं, "चारच्या आत अहवाल दे, तरच रजेवर सही. नाहीतर आईंना मीच कळवतो, मुलगा मांजरं बघण्यात गुंतलाय म्हणून." आठवडा मिळाला होता, गुरुवारचे अकरा वाजले तरी मथळ्याखाली एक ओळ नव्हती.

आ-शियांग तिरमिरीत उठला आणि मशीनखोलीत गेला. तिथे प्रत्येक यंत्रावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून; त्या खाऊचं नावच 'शहाणा हो' आणि ही समजूत तैवानभर. सगळ्यांत खट्याळ सात नंबरवर त्यानं फोन ठेवला आणि फोनवर तिथलंच पाकीट. "तूही जरा शहाण्यासारखा वाग," असं दटावून तो जागेवर परतला.

वीस मिनिटांत अंगठा वळवळायला लागला. तो पळत परत गेला, तर दारात छिनताई. वीस वर्षं यंत्रं सांभाळलेली बाई, हात आडवा घालून उभी.

"कुठे निघालास?"

"ताई, पाकिटाखाली माझा फोन आहे."

"म्हणजे तो प्रताप तुझा! अरे, सकाळपासून तीनदा रुसलेलं यंत्र आता एका दमात चाललंय. चारला माल निघेपर्यंत पाकिटाला बोट लावायचं नाही."

"पाकीट नको हो, नुसता फोन..."

"खालून ओढशील, वरचं पडेल. यंत्र बंद पडलं तर साहेबांना तोंड तू देणार?"

तेवढ्यात साहेबच आले. परदेशातून शिकून आलेला माणूस, हे तरी हसतील, असं आ-शियांगला वाटलं. साहेबांनी यंत्राचा दिवा पाहिला, पाकीट पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हात लावलास तर रजा विसर."

झालं! अंगठ्यानं आधी टेबलाचं पॉलिश घालवलं. मग दुसरं काहीच सरकवायला नव्हतं म्हणून आ-शियांगनं अहवाल उघडला. तीन पंचवीसला तो संपलासुद्धा. आठवडाभर उरावर बसलेलं काम चार तासांचं निघालं!

"पाठवलास? खरंच?" साहेबांनी अहवाल दोनदा उघडून पाहिला, मग सही केली.

चारला माल निघाला. छिनताईनं दोन्ही हातांनी पाकीट उचललं. फोनवर एकशे त्रेचाळीस संदेश. त्यातले बहुतेक ऑफिसच्या ग्रुपवरचे: "सात नंबरवर कुणाचा फोन थरथरतोय?" आणि जो तो हेच विचारून त्याला आणखी थरथरवत होता. एक आईचा होता: "रजा मिळाली का रे? नसेल तर शेजारणीला घेऊन जाते."

"निघालोय," त्यानं लिहिलं आणि दिवसातला पहिला मोकळा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्याला पट्टी बांधलेली आई घरात चाचपडत टेबलापाशी आली. तिथे फोन होता, फोनवर नवं कोरं हिरवं पाकीट.

"हे खाऊ का रे? की ड्यूटीवर आहे?"

आ-शियांगनं फोनकडे पाहिलं. फोन गप्प होता. अंगठाही.

"खा आई. आज त्यालाही रजा."