दोन्ही टोकं हजर

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातला आमच्या गावातली सगळी नाती गळून पडली. माणसं जागच्या जागी राहिली. कोणी मेलं नाही, हरवलं नाही, कोणी काही विसरलंही नाही. मी त्या वेळी आईच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. माझा हात थांबला. समोर एक सत्तरीची बाई पाय पसरून बसली होती. तिचं नाव, तिच्या गोळ्या, तिला कोणत्या कुशीवर झोप लागते, हे सगळं मला पाठ होतं. त्यापलीकडे काही नव्हतं.

तिने साडी पावलांपर्यंत ओढून घेतली.

"मी इथे का राहते?" तिने विचारलं.

"अकरा वर्षं राहताय," मी म्हणाले. "ऑपरेशन झाल्यावर दिगंबरने आठ दिवसांसाठी आणून सोडलं होतं."

दिगंबर म्हणजे माझा धाकटा भाऊ. आईने घर त्याच्या नावावर केलं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. तेलाची बाटली मी तिच्या हातात दिली. तिने आभार मानले. अकरा वर्षांत तिने माझे आभार मानल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे ते लक्षात राहिलं. त्या दुपारी ती धर्मशाळेत राहायला गेली.

मी नोंदणी कचेरीत कारकून आहे. आमच्या कॉम्प्युटरमध्ये गावातल्या प्रत्येक माणसाची एकेक नोंद आहे: नाव, जन्मसाल, पत्ता. त्या नोंदी शाबूत होत्या. त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या रेघा तेवढ्या नाहीशा झाल्या होत्या. गुरुवारी आमच्या झांबरे साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"नवीन माणूस तयार करायचं नाही," साहेब म्हणाले. "जी आहेत त्यांनाच जोडायचं. आधी पहिलं माणूस शोधा. मग दुसरं शोधा. दोन्ही टोकं हजर आहेत ना, ते बघा. मगच रेघ ओढा. रेघेवर नातं लिहा. आणि ती कोणाकडून कोणाकडे जाते, ते चुकवू नका."

"दोघांची संमती?" कोणीतरी विचारलं.

"लागत नाही. अर्ज एकाचाच."

पहिली रेघ मी ओढली. एका म्हाताऱ्याने नातवासाठी अर्ज केला होता. मी बटण दाबलं आणि काउंटरपलीकडे त्याच्या छातीखालून एक पांढरी दोरी निघाली. सुतळीएवढी जाड, धुतल्यासारखी स्वच्छ. ती जमिनीवरून सरपटत दारातून बाहेर गेली, रस्ता ओलांडून शाळेच्या फाटकाखालून आत शिरली. म्हातारा रडायला लागला. ज्याच्याकडून दोरी निघते त्या माणसाला ओढ लागते. दुसऱ्या टोकाच्या माणसाला फक्त ताण कळतो. नातवाला माया हवी असेल तर त्याने आपला अर्ज वेगळा करायचा.

दोरी भिंतीतून जात नाही. ती फट शोधते.

महिन्याभरात गाव दोऱ्यांनी भरलं. बाजारात लोक वाकून चालायला लागले. सायकली बंद पडल्या. आमच्याही चुका झाल्या. व्यंकट आसोले नावाच्या शिंप्याच्या अर्जावर माझ्या शेजारच्या टेबलावरून बटण दोनदा दाबलं गेलं. कॉम्प्युटर आधीची रेघ आहे का, हे बघत नाही. सांगितलं तितक्यांदा ओढतो. व्यंकटला बायकोची दुप्पट ओढ लागली. ती दळण आणायला निघाली की तो मशीन सोडून मागे जायचा, रस्त्यात तिचा पदर धरून उभा राहायचा. ती कचेरीत आली आणि म्हणाली, "एक काढा हो. एक पुरे होती."

"ज्याच्याकडून निघाली त्यानेच अर्ज करायचा असतो," झांबरे साहेब म्हणाले.

व्यंकट तिच्या मागेच उभा होता. त्याने मान हलवली, नाही.

पौषात एका सोमवारी माझ्या खिडकीसमोर आई उभी राहिली. ती वाळली होती. पण अर्ज तिने नीट भरून आणला होता.

"नमस्कार बाई," ती म्हणाली. "मला दोरी लावून घ्यायचीय."

मी अर्ज वाचला. नातं: आई. कोणाकडे: दिगंबर खर्चे, स्टेशनपलीकडे. खाली दुसऱ्या नावासाठी जागा होती. तिथे तिने आडवी रेघ मारली होती, कोणी मागाहून काही लिहू नये म्हणून मारतात तशी.

"एकच नाव?" मी विचारलं.

"एकच."

"अजून एक नाव लिहिता येतं. मुलगी असेल तर."

"आहे की. तुम्हीच ना?" ती म्हणाली. "तुम्ही केलंत माझं, ते मला माहितीय. पण ओढ कुठे लागावी, ते आपल्याला ठरवता येतंय म्हटल्यावर मी नीट विचार केला."

माझ्यामागे साहेब उभे होते. मी दोन्ही माणसं शोधली, दोन्ही टोकं हजर होती, बटण दाबलं. दोरी निघाली तशी तिने दोन्ही हातांनी छाती धरली आणि वळून चालायला लागली. गुडघे दुखणारी बाई तशी चालत नाही.

मला ओढ नव्हती, हे मी स्पष्ट सांगते. माझ्याकडून तिच्याकडे कोणतीही दोरी नव्हती आणि मला ती नकोही होती. मला राग होता. रागाला दोरी लागत नाही. अकरा वर्षं मी तिचे पाय चोळले, तिच्यासाठी बदली नाकारली, आलेली दोन स्थळं परत पाठवली. मला काही लागायला नको होतं. तिला लागायला हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी झाली. मी डबा न उघडता कॉम्प्युटरसमोर बसले. पहिलं माणूस: विमल, म्हणजे आई. दुसरं माणूस: कुमुद, म्हणजे मी. नातं: आई. विमलकडून कुमुदकडे. साहेब परतायच्या आत उरकायचं होतं, म्हणून आडनाव, जन्मसाल, पत्ता काहीच टाकलं नाही. बटण दाबलं.

पडद्यावर आलं: एकशे एकसष्ट रेघा ओढल्या.

गावात तेवीस विमल होत्या आणि सात कुमुद. प्रत्येक विमल प्रत्येक कुमुदची आई झाली होती.

मी खुर्चीतून उठायच्या आत दोऱ्या यायला लागल्या. दारातून, खिडकीतून, पंख्याच्या वरच्या झरोक्यातून. एकेक येऊन माझ्या छातीखाली चिकटली. दुखलं नाही. घट्ट नेसलेल्या साडीसारखा ताण तेवढा जाणवला. मी मोजल्या. तेवीस. त्यांच्या मागोमाग बायकाही आल्या. एक भाजीवाली होती, एक शाळेची मुख्याध्यापिका, एक चार वर्षांची विमल होती जी आपल्या बाहुलीचा फ्रॉक माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "थंडी वाजते ना तुला? घाल." त्या माझ्या केसांना हात लावत होत्या, माझा डबा उघडून बघत होत्या.

"हे काय, नुसती पोळी आणि लोणचं?" मुख्याध्यापिका म्हणाली. "किती वाळलीयेस कुमे."

मी एकेकीचा चेहरा बघितला. तेवीसांत आई नव्हती.

मी अर्जांच्या गठ्ठ्यातून तिचा अर्ज काढला. मग तिची नोंद उघडली. सत्तर वर्षांपूर्वी कोणा तलाठ्याने तिचं नाव लिहिताना वेलांटी दीर्घ काढली होती. वीमल. ती तशीच राहिली होती. सकाळी मी तिची दोरी ओढताना तिचा पत्ता टाकून तिला शोधलं होतं, नावाकडे बघितलं नव्हतं. गावातल्या सगळ्या विमल माझ्या आया झाल्या होत्या, ती सोडून.

झांबरे साहेब जेवून आले, तेव्हा त्यांना दारातून आत यायला वाव नव्हता. ते बाहेरूनच बोलले.

"शोधताना नुसतं नाव टाकलंत?"

"हो."

"आणि स्वतःचं?"

"हो."

"उठा त्या खुर्चीवरून. यापुढे तुमच्या हाताने एकही रेघ ओढली जायची नाही."

"एक ओढू द्या. दीर्घ वीची."

"त्या बाईंना अर्ज करू दे. दुसरं कोणी ओढून देणार नाही."

"आणि या तेवीस?"

साहेबांनी बायकांना विचारलं, कोणाला दोरी तोडायची आहे का. एकीनेही हात वर केला नाही. आमच्या गल्लीतल्या ऐंशी वर्षांच्या कुमुदआजींकडेही संध्याकाळी याच तेवीस आया गेल्या. आजी पाटावर बसून त्यांच्याकडून वेणी घालून घेत होत्या, असं नंतर कळलं. त्यांना ते चालत होतं.

मला चालत नव्हतं. घरी दार लावता येईना, कारण उंबऱ्यावर दोऱ्यांची जुडी पडली होती. कूस बदलली की तेवीस घरांत तेवीस बायका दचकत. सकाळ झाली की त्या डबे घेऊन यायच्या. पिठलं, गुळाची पोळी, शेवयांची खीर. मी खायचे. चव चांगली असायची. त्या माझ्याकडे बघायच्या आणि त्यांचे डोळे भरून यायचे, आणि मी त्यांना रिकामे डबे धुऊन परत द्यायचे. कोणीतरी आपल्यावर इतकी माया करतं आणि आपल्याला त्यातलं काही पोचत नाही, हे कसं असतं, ते मला कळलं. आईला माझ्या घरी अकरा वर्षं असंच वाटत असणार. तिच्यावर मला पुन्हा राग आला.

शनिवारी मी कोरा अर्ज घेऊन स्टेशनपलीकडे निघाले. दोऱ्या माझ्यामागे उचलल्या गेल्या. भर दुपारची वेळ होती. लोक बाजूला झाले, टांग्याचा घोडा थबकला. पूल ओलांडला तेव्हा तेवीसही दोऱ्या ताठ झाल्या. प्रत्येक पाऊल मला चिखलातून काढल्यासारखं काढावं लागत होतं.

दिगंबरच्या घराचं दार बंद होतं. आई बाहेरच्या पायरीवर बसली होती. तिची पिशवी शेजारी होती. तिच्या छातीखालून निघालेली एकुलती एक दोरी दाराखालच्या फटीतून आत गेली होती.

"आत का नाही गेलात?" मी विचारलं.

"त्याने अर्ज नाही केला ना," ती म्हणाली. "त्याच्या दृष्टीने मी कोण? पहिल्या दिवशी दार उघडून म्हणाला, कोण पाहिजे? मी म्हटलं, कोणी नाही, बसते जरा. तो बसा म्हणाला. चांगला आहे."

"पाच दिवस इथेच?"

"पाणी देतात ते."

मी अर्ज तिच्यासमोर धरला. "यावर माझं नाव लिहा. फक्त कुमुद लिहा. बाकी मी भरते."

तिने अर्ज वाचला. शेवटपर्यंत वाचला. मग माझ्यामागे पुलापर्यंत गेलेल्या दोऱ्यांकडे बघितलं.

"तुम्हाला खूप आहेत की," ती म्हणाली.

"त्या तुमच्या नाहीत."

"बाई, माझ्यात आता दुसरीला जागा नाही. आणि हळू बोला. तो जेवायला बसलाय."

"तुम्हाला काय माहीत? दार बंद आहे."

दोन बोटांच्या चिमटीत तिने आपली दोरी धरली, नाडी बघतात तशी. मी अर्ज धरून उभी राहिले. मागून तेवीस जणी ओढत होत्या. आतून भांड्याचा आवाज आला. दोरी किंचित हलली, थांबली, पुन्हा हलली.

आईने डोळे मिटले आणि लहान मुलाला भरवताना बाई उघडते, तसं आपलं तोंड थोडंसं उघडलं.