पूजेचा कंडा

मी गवत कापायचं मशीन बोलतोय. सध्या कोल्हापुरात, नागाळा पार्कातल्या एका बंगल्याच्या जिन्याखाली उभा आहे. माझ्या पोटाखाली लोखंडी पातं आहे. ते फिरताना मला काही जाणवत नाही. गवत असो, काडी असो, सगळं सारखंच. हे आधीच सांगितलेलं बरं.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा मुठीजवळ एक आडवी दांडी बसवली. ती मुठीबरोबर दाबून धरली तरच मी चालतो. हात सुटला की पातं दोन-तीन सेकंदांत थांबतं. माझ्यात शहाणपण म्हणावं असं तेवढंच आहे.

माझे मालक त्र्यंबकराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मला चालवायचा गुंडू, वडणग्याहून सायकलवर येणारा माळी. पहिल्या दिवशी त्र्यंबकरावांनी चष्मा लावून माझं माहितीपुस्तक मोठ्याने वाचलं.

"गवत कोरडं असेल तेव्हाच कापायचं. आधी खडे वेचायचे. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच काढायचा. उतारावर आडवं चालायचं. मशीन स्वतःकडे ओढायचं नाही. आणि गुंडू, पायात बूट हवेत."

"बूट? साहेब, लग्नात बी पायताणच घातलंतं की म्या!"

त्र्यंबकरावांच्या पत्नी मीनाक्षीबाई हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाचे जुने बूट काढून दिले. गुंडूने ते सायकलला अडकवून घरी नेले आणि जपून ठेवले. कामाला तो पायताणावरच येत राहिला.

कापलेलं गवत तो पोत्यात भरून म्हशीसाठी न्यायचा. माझ्याबद्दल त्याची तक्रार एकच होती. "अर्धा तास दांडी दाबली की हात पार बधिर व्हत्यात, वैनी. नुसत्या मुंग्या."

खंडेनवमीला त्याने मला धुतलं, पुसलं. हळदकुंकू लावलं. म्हशीच्या गळ्यासाठी आणलेला कंडा, म्हणजे काळ्या लोकरीचा जाड गोफ, माझ्या मुठीला बांधला. म्हणाला, "नजर लागाय नको." तोवर मला कुणी काही बांधलं नव्हतं. मला बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

पुढे कंडा सैल होऊन मुठीच्या मधोमध सरकला. एक दिवस गुंडूने दांडी दाबली आणि कंड्याखाली अडकवली. हाताने दाबून न धरताही मी चालत राहिलो. त्याने बोटं मोकळी करून झटकली.

त्र्यंबकरावांनी ते पाहिलं. "गुंडू, दांडी अशी अडकवायची नाही. तो कंडा सोड."

"सोडतो की, साहेब."

व्हरांड्यातून मीनाक्षीबाई म्हणाल्या, "अहो, पूजेचं बांधलेलं असं ओढून काढू नका. झिजून आपोआप पडेल."

त्र्यंबकराव घरात गेले. कंडा लोकरीचा, चांगला पक्का होता. तो काही झिजला नाही.

पुढच्या श्रावणात नातीचं बारसं होतं. सकाळी पाऊस नुकता थांबला होता.

"गुंडू, गवत ओलं आहे खरं," त्र्यंबकराव म्हणाले, "पण अकराला पाहुणे येतील. फाटकाजवळचं तेवढं उरकून टाक."

पुस्तक वाचून दाखवणारे हेच.

फाटकाजवळ उतार आहे. गुंडू खाली उभा राहून मला स्वतःकडे ओढत होता. पायताण ओल्या गवतावरून सरकलं. त्याचे दोन्ही हात सुटले आणि तो पडला. दांडी कंड्याखाली दाबलेलीच होती. मी थांबलो नाही. उतारावरून त्याच्या पायावर गेलो.

मला काही जाणवलं नाही.

उजव्या पायाची दोन बोटं गेली. गुंडू दवाखान्यात असताना इकडे बारसं झालं. पाळणा कुणी मोठ्याने म्हटला नाही. पाहुणे गेल्यावर त्र्यंबकरावांनी फाटकाजवळचं पायताण उचललं आणि बराच वेळ ते हातात धरून उभे राहिले. मग मला जिन्याखाली ढकललं. कंडा तसाच होता.

यंदाच्या खंडेनवमीला गुंडू आला. पायात तेच जुने बूट होते. उजव्या बुटात पुढे चिंध्या कोंबल्या होत्या.

त्र्यंबकराव खाली बघत म्हणाले, "ओल्या गवतात कामाला मी लावलं तुला. चूक माझी."

"साहेब, बांधलं म्याच की," गुंडू म्हणाला. "आणि सोडलं कुणीच न्हाय."

त्याने माझ्या मुठीकडे बोट दाखवलं.

"विळा आणा."

मीनाक्षीबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि स्वतः विळा आणून दिला. गुंडूने कंडा कापला. दांडी दाबली, सोडली. पुन्हा दाबली, सोडली. दर वेळी ती टक्कन जागेवर आली.

"आता नुसतं फूल ठेवा, वैनी. बांधू नगा कायबी."

ते झेंडूचं फूल अजून माझ्यावर आहे. सुकलंय. मला पुन्हा बाहेर काढतील की नाही, माहीत नाही.

मला चालवणाऱ्यांना एवढंच सांगतो. हार घाला, घालू नका, मला कळत नाही. गवत कुठलं आणि तुमचा पाय कुठला, तेही कळत नाही. तुमचा हात सुटला, एवढंच मला कळतं. तेवढं मला कळू द्या.