लवकरच, असं मीच म्हणालो होतो

मी ट्रेलर बोलतोय. जो पिक्चरच्या आधी दोन मिनिटं आरडाओरडा करतो आणि ज्याच्या वेळी तुम्ही खुर्चीचा नंबर शोधत दुसऱ्याच्या पायावर पाय देता, तोच. माझ्याकडे कुणी नीट बघत नाही हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण आज जरा ऐका. माझ्याकडे वेळ कमी आहे.

इतर ट्रेलर पिक्चरच्या पोटी जन्मतात. मी आईच्या आधी जन्मलो. शूटिंगचे जेमतेम बारा दिवस झाले होते, आणि निर्मात्याला घाई झाली की लोकांच्या कानावर नाव पडलं पाहिजे. पूल, धावणारा नायक, जळणारी गाडी, उंबऱ्यातून मागे वळून बघणारी एक मुलगी, जे हाताशी होतं त्यातून एडिटिंगच्या बाईंनी मला जोडलं. शेवटी मोठ्या अक्षरात पाटी आली : लवकरच येत आहे. कात्री खाली ठेवत बाई म्हणाल्या, "टोपी शिवून झाली. आता डोकं शोधा."

डोकं काही सापडलं नाही. पिक्चरच्या शेवटावरून निर्माता आणि दिग्दर्शकाचं असं बिनसलं की तेराव्या दिवशी शूटिंग बंद पडलं ते कायमचं. मी तोवर पाच थिएटरांत पोचलो होतो. बाजारात तुरी म्हणतात ती माझीच गोष्ट. चार थिएटरांनी मला फेकून दिलं. पाचव्यानं ठेवलं, कारण तिथं माझी गरज होती.

हे थिएटर बस डेपोसमोरचं, खाली हॉल आणि वर बाल्कनी. नदीपलीकडच्या थिएटरशी त्यांची वाटणी होती. एकच पिक्चर दोन्हीकडे, खेळांत अर्ध्या तासाचं अंतर. तिकडं पहिलं रीळ संपलं की पेटीवाला ते सायकलला बांधून इकडे आणायचा. पुलावर गर्दी असली की त्याला उशीर व्हायचा आणि इकडे पब्लिक शिट्ट्या मारायचं. साबण, गाद्या, चष्मे अशा सगळ्या जाहिराती दाखवून संपल्या की ऑपरेटर मला मशीनवर चढवायचा. मला कुणी मालक उरला नव्हता, त्यामुळे कितीही वेळा फिरवलं तरी विचारणारं कुणी नव्हतं.

पहिल्या वर्षी लोकांनी मला पाहून घेतलं. दुसऱ्या वर्षी हसायला लागले. तिसऱ्या वर्षी माझी पाटी आली की अख्खा हॉल एका सुरात "लवकरच!" ओरडायचा. एकजण म्हणाला, हा येईपर्यंत माझ्या मुलाला मिशा फुटतील. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण उजेडात धरलेल्या फिल्मला तोंड लपवता येत नाही.

फक्त एक बाई कधी हसली नाही. बाल्कनीच्या दारावर तिकिटं फाडणारी, टॉर्चनं खुर्ची दाखवणारी. थिएटरातले सगळे तिला मावशी म्हणायचे. खेळ सुरू झाला की दोन्ही फळ्या ओढून आतून कडी लावणं हे तिचं काम. पण मी सुरू झालो की ती एक फळी उघडीच ठेवायची. जिन्यातला उजेड थेट पडद्यावर यायचा, लोक दार लावा म्हणून कावायचे, मॅनेजरनं तिला दोनदा समज दिली. ती मान हलवायची आणि पुढच्या खेळाला पुन्हा तेच करायची.

कारण उंबऱ्यातली ती मुलगी तिची होती.

मुलीला सिनेमात काम करायचं होतं, आईला ते पटत नव्हतं. बोलाचाली झाली. निघताना मुलगी बॅग उचलून एवढंच म्हणाली की पिक्चर लागलं की पहिल्या खेळाला येईन, तुझ्याच बाल्कनीत तुझ्या शेजारी बसेन, मग बोलू. पिक्चर लागलं नाही. मुलगी आली नाही, तिची चिठ्ठीही नाही. कुणी म्हणे तोंड दाखवायला लाजते, कुणी म्हणे लांब निघून गेली. आईकडे तिचं चालतंबोलतं असं फक्त मी होतो. त्यातही चार सेकंद. मुलगी दारातून वळायची आणि म्हणायची, "आई, कडी लावू नकोस. मी येतेच."

कुणीतरी लिहून दिलेलं वाक्य होतं ते. मावशीला हे कळत नव्हतं असं नाही. तरी ती कडी लावत नव्हती.

ऑपरेटर मनाचा चांगला, त्याच्याकडून चूक झाली ती चांगुलपणापायीच. माझ्यावर ओरखडे पडत चालले होते. रोज तीन-चार वेळा दातेरी चाकांवरून घासून जाणाऱ्याचं दुसरं काय होणार! मुलीच्या चेहऱ्यावरून एक पांढरी रेघ उभी गेली तेव्हा तो धास्तावला. सगळी झिजून जायच्या आत तिला वाचवलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. एका सकाळी त्यानं मुलीचा तुकडा माझ्यातून नेमका कापून काढला, माणसाच्या उंचीएवढी पट्टी, आणि मला पुन्हा जोडून टाकलं. पट्टी त्यानं छोट्या डबीत गुंडाळून मावशीच्या हातात ठेवली. म्हणाला, आता ही तुमच्यापाशी राहील, कुणी हसणार नाही.

मावशीनं जिन्यातल्या खिडकीशी पट्टी उजेडात धरली. नखाएवढे शंभरेक चेहरे, सगळे एकसारखे, सगळे गप्प. मग तिनं विचारलं, "हिचा आवाज कुठंय?" ऑपरेटर म्हणाला, तो यातच आहे, या कडेच्या रेघेत, पण मशीनशिवाय ऐकू नाही यायचा.

त्यालाही तेव्हा एक गोष्ट आठवली नाही. फिल्मवर आवाज आपल्या चित्राशेजारी नसतो. जवळपास दोन वीत आधी छापलेला असतो, कारण मशीनमध्ये दिव्यानंतर खाली आवाजाची जागा येते. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या सकाळी तो ऑपरेटर म्हणून कापतच नव्हता.

दुपारी पेटीवाल्याला उशीर झाला आणि मला लावलं. पूल गेला, नायक धावला, आणि मुलीच्या जागी एकदम पाटी आली, लवकरच येत आहे. लोकांनी ओरडायला तोंड उघडलं आणि त्या पाटीवर, कुणी दिसत नसताना, मुलीचा आवाज आला, "आई."

तेवढंच. पुढचं सगळं पट्टीबरोबर गेलं होतं. हा एक शब्द आधीच्या चित्रांच्या कडेला छापलेला, म्हणून माझ्यात राहून गेला.

हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. मावशीनं दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि ती जिना उतरून धावत सुटली, थेट डेपोपर्यंत. प्रत्येक बसच्या खिडकीत वाकून बघत होती म्हणे. ऑपरेटर मशीन सोडून तिच्या मागे पळाला. परत आणून त्यानं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि आपली चूक समजावून सांगितली. पट्टी आत्ता परत जोडतो, म्हणाला. पण जोड सोडवायचा म्हणजे दोन-तीन चित्रं जाणार, आणि त्या जागी नेमकी हाक आहे, हेही त्यानं लपवलं नाही.

मावशीनं डबी मुठीत घट्ट धरली. "नको. तोंड माझ्यापाशी असू दे, हाक तुझ्यापाशी असू दे."

त्या दिवसापासून मी रोज हाक मारायचो आणि अंधारात दारापाशी ती हळूच ओ द्यायची. तुम्हाला वाटेल, त्यात तिला समाधान होतं. मला विचारा. तिची ती ओ ऐकून मला वाटायचं की कुठंतरी अडकून तुटून जावं. मी चार वर्षं तिला लवकरच म्हणत होतो. मी खोटारडा आहे हो. माझ्या पोटात पिक्चर नव्हतं, मुलगी नव्हती, एक उसना शब्द होता.

मग मशीनच गेलं. आता पिक्चर रिळांतून येत नाही, पेटीवाला नाही, पूल नाही, उशीर नाही. ऑपरेटर एक बटण दाबतो आणि बसून राहतो. मी टेबलाखाली डब्यात पडून होतो. मला आंबूस वास यायला लागला आहे, कडा आक्रसल्या आहेत. आता कुठलंही मशीन मला घेणार नाही, घेतलं तर मी तिथंच तुकडे होईन. बाल्कनीही बंद झाली. मावशी खालच्या दारावर असते. ऑपरेटर सांगत होता, अजूनही जाहिराती संपता संपता, जिथं मी यायचो त्या वेळेला, ती ओ देते. समोर पडद्यावर साबणाचा फेस असतो.

गेल्या महिन्यात हॉलला नवी दारं बसली. आपोआप लागणारी. हात काढला की बंद. मावशीनं मॅनेजरला विचारलं, ही उघडी कशी ठेवायची? त्यानं सांगितलं, ठेवायचीच नाहीत, त्यासाठीच तर आणली.

त्याच आठवड्यात जुने डबे भंगारात काढले. मावशीनं माझा डबा मागून घेतला. मला वाटलं, घरी नेईल, पट्टीशेजारी ठेवेल. नाही. ती रोज खेळ सुरू झाला की मला उभा करून दाराच्या फटीत सारते. दोन मिनिटं, माझ्या लांबीएवढीच. दार सगळा जोर लावून मला दाबत असतं, डब्याला पोचे पडलेत, झाकण वाकलंय. आतली फिल्म दर खेळाला थोडी थोडी चुरा होते. मी किती दिवस टिकेन मला माहीत नाही. मावशीही आता जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहते.

म्हणून सांगतोय. तुमच्या गावच्या थिएटरात एखादी बाई एकटी, शेवटच्या रांगेत बसलेली दिसली, जाहिराती बघणारी आणि पिक्चर सुरू झालं की उठून जाणारी, तर तिला थांबवा. मावशीच्या मुलीच्या हनुवटीवर उजवीकडे तीळ आहे. पिक्चर लागलं नाही म्हणून काही बिघडत नाही, म्हणावं. पहिल्या खेळाचा शब्द कुणी धरून बसलेलं नाही. कुठल्याही खेळाला ये.

दार अजून लागलेलं नाही. मधे मी आहे.