पाहुणा किक मारताना

आमच्या घरात रग्बीतलं सगळ्यात कमी कुणाला कळतं, असं विचारलं तर तिघेही एका वेळी माझ्याकडे बोट दाखवतील. दाखवू देत. मी निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलात नर्स होते. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याला कुठे दुखतंय ते मला कळतं, आणि त्याहून जास्त रग्बीत काय कळायचं असतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

खरे वेडे आमचे हे. बसडेपोत मेकॅनिक होते. शनिवारी दुपारी साबणाने हात घासघासून धुवायचे, तरी नखांतलं काळं जायचं नाहीच, आणि दोन्ही पोरांना घेऊन क्लबच्या मैदानावर जायचे. त्या मैदानाचा एक जुना रिवाज होता. पेनल्टी मिळाली की एक खेळाडू तो लांबट चेंडू जमिनीवर उभा करतो आणि लाथ मारून दोन उंच खांबांमधून पलीकडे घालवतो. तेवढा वेळ सगळ्या मैदानाने गप्प बसायचं. खेळाडू आपला असो नाहीतर पाहुण्यांचा. कुणी हूं केलं तर हे मान वळवून नुसतं बघायचे. तेवढं पुरायचं. "समोरचाही कुणाचा तरी मुलगा आहे," असं पोरांना सांगायचे. पुढे समोरचा त्यांचाच मुलगा असणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

धाकटा शाळेपासूनच किक मारायचा. बैलांसारख्या पोरांत हा एवढासा, म्हणून टिल्लू हे नाव पडलं ते पडलंच. तो सराव करायचा तेव्हा हे खांबांमागे हाताची घडी घालून उभे राहायचे. किक गेली तरी गप्प, चुकली तरी गप्प. मी एकदा म्हटलं, "अहो, शाबास तरी म्हणा." तर म्हणाले, "त्याला लक्ष देऊ दे." माया नव्हती असं नाही. पण ती जिभेवर यायची नाही.

थोरली खेळली नाही. तिने शिकून त्याच क्लबात नोकरी धरली, प्रेक्षक वाढवायची. तोवर क्लबची पार रया गेली होती. स्टँडमध्ये यांच्यासारखे म्हातारे आणि कबुतरं, दोन्ही सारख्याच संख्येने. "प्रेक्षक म्हणजे काय मेथी आहे, पेरली की उगवायला?" असं हे तिला चिडवायचे. पण तिने पेरली. शाळांत गेली, कारखान्यांच्या कँटीनमध्ये उभी राहिली, नर्सेसच्या होस्टेलवर मलाच ओढून नेलं. पहिलं तिकीट फुकट. मोठ्या स्क्रीनवर चित्रांतून नियम समजावायचे. ढोलवाली पोरं आणली, आणि त्या स्क्रीनवर एक काटा बसवला. लोक जितके ओरडतील तितका तो वर चढायचा. माणसाला काटा वर चढवायला फार आवडतं. दोन वर्षांत मैदान भरलं. दुसरे क्लब बघायला आले आणि घरी जाऊन तसाच काटा बसवून मोकळे झाले.

टिल्लूही याच क्लबकडून खेळायचा, पण त्याच सुमारास क्लबने त्याला सोडलं. दुसऱ्या गावच्या क्लबने घेतला, आणि गेल्या वर्षी तो पाहुणा म्हणून इथे खेळायला आला. तो किक मारायला उभा राहिला, काटा वर चढला, आणि सगळं मैदान हुर्यो करायला लागलं. थोरलीने जमवलेली माणसं. त्यांना काय माहीत हा कोण! पोराच्या सगळ्या किका चुकल्या. शेवटची तर कॉर्नरच्या झेंड्याकडे गेली. लोक पोट धरून हसले. हे उठले आणि चालायला लागले. पुन्हा मैदानावर पाऊल ठेवलं नाही. घरी थोरलीला एवढंच म्हणाले, "पाहुण्याला दारात बोलावून शिव्या घालायला शिकवलंस तू लोकांना." तेव्हापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच.

या वर्षी टिल्लूला ताप आला म्हणून मी त्याच्याकडे आठवडाभर राहिले. खोलीत पलंगाशेजारी दोन भलेमोठे स्पीकर. मला वाटलं, गाणी ऐकतो. बरा झाल्यावर तो मला सरावाला घेऊन गेला. स्पीकर गवतावर, आपल्या पाठीमागे मांडले आणि बटण दाबलं. अंगावर काटा आला माझ्या. तीच हुर्यो. आमच्याच मैदानावरची. कुणीतरी मोबाइलवर काढलेली, ती त्याने मिळवली होती. त्या गदारोळात त्याने चेंडू ठेवला, मागे सरला, आणि किक खांबांमधून अशी गेली, जशी दोरीनेच ओढली.

"सवय केली," तो म्हणाला. "आधी भीती जावी म्हणून. आता तर आवाजाशिवाय जमतच नाही. आवाज असला ना आई, की मी एकटा असतो. कुणी दिसत नाही."

"आणि शांत असलं तर?"

तो बुटाची नाडी बांधत बसला. बराच वेळ बांधली ती नाडी.

"शांत झालं की खांबांमागे बाबा उभे असतात," तो म्हणाला. मग लगेच हसला. "ताईला यातलं काही सांगू नकोस हं. तिच्यामुळे मला काही झालं असं तिला वाटेल. माझी शपथ आहे तुला. आणि आता कुठल्या मैदानावर शांतता उरलीये? सगळीकडे ताईचाच काटा!"

त्याचा करार वर्षाअखेर संपत होता. पुढे ठेवायचा की नाही, ते शेवटच्या मॅचनंतर ठरणार होतं. आणि शेवटची मॅच इथे, आमच्या मैदानावर होती. मी म्हटलं, चला, गोंगाट तर मिळेल पोराला. जिथे पडला तिथेच उभा राहील.

मॅचच्या आदल्या दिवशी थोरलीने वडिलांसमोर दोन तिकिटं ठेवली. "बाबा, एकदाच या. नाही आवडलं तर पुन्हा बोलावणार नाही." यांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली, चष्म्याच्या डबीखाली ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी जेवण होताच हात घासून धुवायला लागले. डेपो सोडून वर्षं झाली होती, तरी.

मैदान खचाखच भरलं होतं. ढोल होते, काटा होता, पोरं गालांवर रंग लावून आली होती. हे तोंड आंबट करून बसले. मग आमच्या क्लबला पहिली पेनल्टी मिळाली, आणि एकदम ढोल थांबले. स्क्रीनवरचा काटा गेला आणि मोठ्या अक्षरांत ओळ आली : किक मारणारा कुणाचा तरी मुलगा आहे. आपला असो वा पाहुणा, शांत राहू या.

थोडा हशा झाला, थोडं शूऽ शूऽ झालं. मग मैदान गप्प झालं. सगळं. माझ्या शेजारच्या बाईने आपल्या लेकराच्या तोंडावर हात ठेवला. यांच्याकडे पाहिलं तर चष्मा काढून पुसत होते. हे त्यांचंच वाक्य. पोरीने ते एवढं मोठं करून लिहिलं होतं. मला तर रडूच यायला हवं होतं, पण माझी नजर खाली टिल्लूला शोधत होती.

टिल्लूची पहिली किक अगदी समोरून होती. गेली. पण मारण्याआधी त्याने मान वर करून स्टँडकडे पाहिलं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो की काय असं. दुसरी चुकली. फार लांबूनही नव्हती. "वारा आहे," हे म्हणाले. वारा कुठला? झेंडे खाली मान घालून उभे होते. मी पोराचे खांदे पाहिले. ऑपरेशनला नेताना माणसाचे खांदे तसे होतात.

मध्यंतरात मी जिना उतरून स्टँडखाली गेले. थोरली कानाला हेडफोन लावून उभी होती. मला पाहताच तिने मिठीच मारली.

"आई, पाहिलंस? बाबांनी पाहिलं? ऑफिसात सगळे म्हणत होते, लोक गप्प बसणार नाहीत, पैसे मोजून येतात ओरडायला. मी म्हटलं, नुसत्या गोंगाटाला आलेला माणूस उद्या दुसऱ्या गोंगाटाला जाईल. त्याला इथलं काहीतरी द्या, मग तो इथला होईल."

"छान झालं गं," मी म्हटलं. "पण एक सांगायचं होतं..."

"खरं सांगू?" तिचा आवाज फुटला. "टिल्लूसाठी केलंय मी हे. गेल्या वर्षी माझ्याच माणसांनी त्याला... मला अजून ते कानात ऐकू येतं. आज त्याला कुणी हूं करणार नाही. एवढं तरी मी त्याला देऊ शकते ना?"

काय सांगणार होते मी? की बाई गं, जे विष म्हणून तू काढून घेतलंस त्यावरच तो उभा होता? इकडे त्याची शपथ, तिकडे हिचा चेहरा. मी तिचा घामेजलेला गाल पदराने पुसला आणि म्हटलं, "काही खाल्लंस का?" आयांना दुसरं काही सुचलं नाही की त्या हेच विचारतात.

मॅच संपायला आली तेव्हा आमचा क्लब दोन गुणांनी पुढे होता, आणि पाहुण्यांना पेनल्टी मिळाली. किक गेली तर तीन गुण. मॅच त्यांची, आणि करार टिल्लूचा. नाही गेली तर दोन्ही नाही. चेंडू थोडा बाजूला होता, पण स्पीकर लावून त्याहून अवघड जागेवरून मारताना मी त्याला पाहिलं होतं.

ढोल थांबले. ओळ आली. या वेळी कुणाला शूऽ सुद्धा करावं लागलं नाही. आणि हे उठून उभे राहिले. हाताची घडी घातली. त्यांच्या दृष्टीने तो मान होता, पोराला दिलेला सगळ्यात मोठा मान. मी ते ओळखून आहे. पण खाली चेंडूपाशी माझा मुलगा उभा होता, आणि सगळं मैदान त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभं होतं.

तो मागे सरला. थांबला. पुन्हा पुढे जाऊन चेंडू नीट केला. तो नीटच होता.

त्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं की त्याला काय हवंय. आणि मी कोण, तर आयुष्यभर वॉर्डात कुजबुजत बोललेली बाई. पेशंट झोपलाय, हळू. नातेवाईक रडतायत, हळू. भांडणात सुद्धा माझा आवाज कधी चढला नाही.

मी उभी राहिले आणि ओरडले. "टिल्ल्या! ए टिल्ल्या! मार!" पुन्हा ओरडले, शब्दही नव्हते त्यात, नुसताच आवाज. घसा सोलून निघाला. वाटलं, माझ्यामागून कुणीतरी ओरडेल, मग दुसरं कुणी, मग ढोल. ही तीच माणसं ना, काटा वर चढवणारी! पण थोरलीने त्यांना फार चांगलं शिकवलं होतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी म्हणालं, "आजी, लाज वाटू द्या." यांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं, आणि तेव्हाच चेंडू खांबाला लागल्याचा आवाज आला. कोरडा, ठक्क असा. मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल, इतकी शांतता होती.

चेंडू बाहेर पडला.

"तू?" हे एवढंच म्हणाले. "तू ओरडलीस?"

नंतर आम्ही पाहुण्यांच्या बसपाशी उभे होतो. थोरली धावत आली. रागाने तिला नीट बोलता येत नव्हतं. "सगळं मैदान गप्प होतं गं. एकूण एक माणूस. आणि माझीच आई..."

"राहवलं नाही," मी म्हटलं.

टिल्लू आला. केस ओले होते. त्याने वडिलांना वाकून नमस्कार केला, ताईला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावर टपली मारली. कोच त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता, त्यावरून काय ते त्याला समजलं होतं आणि मलाही. मग बसमध्ये चढता चढता तो माझ्यापाशी वाकला.

"ताईला सांग, इतकं शांत मैदान मी आयुष्यात पाहिलं नाही," तो म्हणाला. आणि मग माझ्या कानाशी, "अजून जोरात ओरडायचं होतंस गं आई."

घरी जाताना थोरली गाडी चालवत होती, हे पुढे बसले होते, मी मागे.  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, ताईला सांग, इतकं शांत मैदान आयुष्यात पाहिलं नाही."

तिचे डोळे भरून आले. यांनी हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला. पुरं एक वर्ष गेलं होतं त्या हाताला तिथवर पोचायला. "चांगलं काम केलंस, पोरी," ते म्हणाले. शाबासकीचा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"आणि तुला काय म्हणाला?" थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं.

"मला?" माझा घसा बसला होता, आवाज नीट फुटेना. "मला म्हणाला, आई, तू गप्प बसली असतीस तर गेली असती."

"बरोबर बोलला," हे पुढून म्हणाले, मागे वळून न पाहता.

मी खिडकीची काच खाली केली आणि रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ दिला.